गावाने चालवलेली शाळा : कॉन्कर्डचा फेरफटका

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गावरची लोकल पकडली, की पाऊण तासाच्या आसपास कॉन्कर्ड येते. शहर मागे पडते, वॉल्थमच्या जुन्या गिरण्यांचा भाग जातो, लिंकननंतर दोन्ही बाजूंना दाट झाडी लागते आणि तिच्या फटींतून वॉल्डन तळ्याचे पाणी क्षणभर चमकून जाते. या गावात बहुतेक प्रवासी दोन कारणांनी येतात. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनमध्ये आणि इथल्या नॉर्थ ब्रिजवर झडलेल्या चकमकींनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले, हे पहिले कारण. दुसरे कारण इथला लेखक हेन्री डेव्हिड थोरो. मी आलो होतो ते इथल्या सरकारी शाळांची व्यवस्था समजून घ्यायला. सुमारे साडेअठरा हजार वस्तीचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शाळा स्वतः चालवत आले आहे. ते कसे जमते, पैसा कुठून येतो आणि निर्णय कोण घेते, हे मला जवळून पाहायचे होते.

अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. ती जबाबदारी राज्यांची, आणि राज्यांनी ती बहुतांशी गावांकडे आणि शहरांकडे सोपवलेली. त्यासाठी जी स्वतंत्र यंत्रणा असते तिला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. एखादे गाव किंवा दोन-चार गावे मिळून असा डिस्ट्रिक्ट बनतो. त्याची स्वतःची निवडून आलेली समिती असते, स्वतःचे अंदाजपत्रक असते आणि स्वतःचा अधीक्षक असतो. कॉन्कर्डमध्ये अशा दोन यंत्रणा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या शाळा एकट्या कॉन्कर्डच्या. नववी ते बारावीचे हायस्कूल मात्र कॉन्कर्ड आणि शेजारचे कार्लाइल यांचे सामायिक.

स्टेशनातून बाहेर पडून मेन स्ट्रीटने चालू लागले, की आधी १८७३ मध्ये सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालय लागते आणि पुढे थोड्याच अंतरावर मॉन्युमेंट स्क्वेअर. इथे उभे राहिले की गावाचा सगळा कारभार नजरेच्या टप्प्यात येतो. एका बाजूला १८५१ मध्ये बांधलेले टाउन हाउस. जवळच विटांची एक साधी इमारत, जिच्यात आता फ्रीमेसन मंडळींचा लॉज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या इमारतीत गावची मुख्य शाळा भरत असे. शाळांची कहाणी इथूनच समजून घेणे सोयीचे. पण तिचे मूळ आणखी दोनशे वर्षे मागे आहे.

१६३५ मध्ये पीटर बल्कली हे धर्मोपदेशक आणि सायमन विलर्ड हे व्यापारी यांच्या पुढाकाराने इंग्रज वसाहतकऱ्यांनी इथे गाव वसवले. त्याआधी ही जमीन मूळ रहिवाशांची होती आणि ते तिला मस्केटाक्विड म्हणत. वसाहतीला एक तप झाले असेल-नसेल, तोच १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने एक कायदा केला. ज्या गावात पन्नास कुटुंबे आहेत त्याने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा. शंभर कुटुंबे झाली की विद्यापीठासाठी मुले तयार करणारी ग्रामर स्कूल काढावी. नाहीतर दंड. हेतू धार्मिक होता. माणसाला बायबल स्वतः वाचता आले पाहिजे, म्हणजे सैतानाला त्याला फसवता येणार नाही, असे कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले होते. हेतू काहीही असो, परिणाम दूरचा झाला. शिक्षकाचे वेतन पालकांनी द्यावे किंवा सगळ्या गावाने मिळून द्यावे, हा पर्याय या कायद्यानेच खुला केला. ज्याला मूल नाही त्यानेही दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी पैसे द्यायचे, हा सार्वजनिक शाळेचा पाया असा घातला गेला. १७८० मध्ये जॉन ॲडम्स यांनी लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत शाळांची जपणूक करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले.

आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तिथे एका द्रष्ट्या राजाने हुकूम काढला आणि खर्चाची तजवीजही केली. इथे वरून आलेल्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा भार पहिल्या दिवसापासून गावावर पडला. त्यामुळे शाळेचे भांडणही गावातच राहिले.

१७८९ च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्समधल्या गावांना आपल्या हद्दीत लहान-लहान शालेय विभाग पाडण्याची मुभा मिळाली. कॉन्कर्डमध्येही वाडीवस्तीनिहाय एकेका खोलीच्या शाळा उभ्या राहिल्या. एक शिक्षक किंवा शिक्षिका, मधोमध शेगडी आणि पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले एकत्र. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की मोठी मुले येत आणि उन्हाळ्यात लहानगी उरत. विभाग जितका गरीब, तितकी शाळा फाटकी. या विस्कळीतपणाला शिस्त लावण्याचे काम लेम्युएल शॅटक यांनी केले. शाळा समितीचे सदस्य म्हणून त्यांनी कॉन्कर्डच्या शाळांची घडी बसवली आणि दरवर्षी शाळांचा अहवाल गावापुढे ठेवण्याची प्रथा पाडली. शाळेत किती मुले आली, किती गळाली, पैसा कशावर गेला, हे लोकांनी वाचावे आणि मग मत द्यावे, हा त्यामागचा विचार. १८३७ मध्ये राज्याचे शिक्षण मंडळ स्थापन होऊन होरेस मॅन त्याचे पहिले सचिव झाले आणि सर्वांसाठी समान शाळा या कल्पनेला राज्यभर बळ मिळाले.

त्याच १८३७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन वीस वर्षांचा थोरो मॉन्युमेंट स्क्वेअरवरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला. वर्षाला पाचशे डॉलर पगार होता, म्हणजे मंदीच्या त्या वर्षात हेवा वाटावा अशी नोकरी. थोरो मुलांना मारत नसे. शाळा समितीच्या एका सदस्याने वर्गात येऊन त्याला बजावले, की छडीशिवाय शाळा बिघडेल. थोरोने त्या दिवशी काही मुलांना छडी मारली आणि राजीनामा दिला. जेमतेम दोन आठवड्यांची ही नोकरी. पण शाळेवर गावाची सत्ता असणे म्हणजे काय, हे तिच्यातून कळते. समितीचा सदस्य थेट वर्गात येऊन शिक्षकाला बजावू शके, हे या व्यवस्थेचे बळही होते आणि धोकाही. पुढे थोरो आणि त्याचा भाऊ जॉन यांनी स्वतःची खासगी शाळा चालवली. तिथे छडी नव्हती. मुलांना नदीवर, रानात, शेतात नेऊन शिकवले जाई. जॉनच्या आजारपणामुळे १८४१ मध्ये ती बंद झाली. शाळेतली मारहाण मॅसॅच्युसेट्सने कायद्याने थांबवली ती १९७१ मध्ये. आपल्याकडे ही बंदी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आली.

चौकातून लेक्झिंग्टन रस्त्याने पुढे गेले की तपकिरी लाकडी फळ्यांचे ऑर्चर्ड हाउस लागते. लुइझा मे अल्कट यांनी १८६८ मध्ये ‘लिटल वुमन’ याच घरात लिहिली. पर्यटकांची रांग लुइझांसाठी असते. मला ओढ होती त्यांच्या वडिलांची. ब्रॉन्सन अल्कट यांनी १८३४ मध्ये बॉस्टनला काढलेली टेम्पल स्कूल त्यांच्या धाडसी पद्धतीमुळे वादात सापडून बंद पडली होती. मुलांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून शिकवावे, असा त्यांचा आग्रह. अशा माणसाला कॉन्कर्डने १८५९ मध्ये आपल्या शाळांचा अधीक्षक नेमले. वर्षाचे मानधन शंभर डॉलर. ते शाळाशाळांतून पायी हिंडत, शिक्षकांशी बोलत, मुलांना गोष्टी सांगत. गाणे आणि व्यायाम यांना त्यांनी शाळेत जागा करून दिली. त्यांचे वार्षिक अहवाल आकडेवारीपुरते नसत. मूल कसे शिकते याचे चिंतन त्यांत असे. पदरी अपयश आलेल्या शिक्षणवेड्यावर गावाने विश्वास टाकला, ही कॉन्कर्डची मोठी गोष्ट मी मानतो.

याच कुटुंबाची आणखी एक नोंद शाळांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने स्त्रियांना शाळा समितीच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. कॉन्कर्डमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली स्त्री लुइझा अल्कट. मार्च १८८० मध्ये वीस स्त्रियांनी गावाच्या सभेत मत टाकले. अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळायला १९२० साल उजाडावे लागले. इथल्या बायकांसाठी लोकशाहीचे दार शाळेने चाळीस वर्षे आधी उघडले होते.

नॉर्थ ब्रिजजवळ रॉबिन्स हाउस नावाचे छोटेसे घर जपून ठेवले आहे. एकेकाळी गुलामीत असलेल्या माणसाच्या वंशजांचे हे घर. १८२३ मध्ये कॉन्कर्डमध्ये जन्मलेली एलन गॅरिसन याच घराण्यातली. ती गावच्या शाळेत शिकली. १८३५ मध्ये गावाच्या द्विशताब्दीच्या मिरवणुकीत बारा वर्षांची ही कृष्णवर्णीय मुलगी आपल्या गोऱ्या वर्गमैत्रिणीचा हात धरून चालली. लोक टक लावून पाहत राहिले, तिने हात सोडला नाही. यादवी युद्धानंतर ती दक्षिणेत गुलामीतून सुटलेल्या लोकांना शिकवायला गेली. बॉल्टिमोरच्या रेल्वे स्टेशनवर प्रतीक्षालयातून हुसकावून लावल्यावर १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन तिने दाद मागितली. गावाच्या शाळेचे मोल मोजायचे, तर अशा माणसांकडे पाहून मोजावे.

एकखोली शाळांचे दिवस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपले. १८६९ मध्ये राज्याने गावांना मुलांच्या वाहतुकीवर करांचा पैसा खर्च करण्याची परवानगी दिली. कॉन्कर्डने एकेक करून वस्त्यांवरच्या शाळा बंद केल्या आणि घोडागाड्यांतून मुलांना मध्यवर्ती शाळांत आणायला सुरुवात केली. असे करणाऱ्या सुरुवातीच्या गावांत त्याची गणना होते. आज सकाळी गावातल्या वळणावळणांवर थांबणारी पिवळी बस त्या घोडागाडीचीच वारस आहे. कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा प्रश्न आपल्याकडेही धगधगता आहे. कॉन्कर्डच्या उदाहरणात एक क्रम स्पष्ट दिसतो. मुलांना नेण्याची जबाबदारी गावाने स्वतःच्या खर्चाने उचलली, म्हणून शाळा एकत्र करणे शक्य झाले. वाहन नाही आणि शाळाही नाही, अशी वेळ मुलांवर आली नाही.

आता आजची रचना. प्राथमिक शाळा तीन आहेत, अल्कट, थोरो आणि विलर्ड. बालवर्ग ते पाचवी. घर कोणत्या भागात आहे यावरून मुलाची शाळा ठरते. गावाच्या इतिहासातली नावे अशी शाळांच्या दारांवर उभी आहेत. सहावी ते आठवीसाठी एकच मिडल स्कूल. ते अनेक वर्षे पीबडी आणि सॅनबर्न या दोन वेगळ्या, जुन्या इमारतींत विभागले गेले होते. २०२२ मध्ये गावाने दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या नव्या इमारतीला मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये ती मुलांसाठी खुली झाली. हायस्कूल वॉल्डन स्ट्रीटवर आहे. त्याची सध्याची इमारत २०१५ ची. तिथून महामार्ग ओलांडला की वॉल्डन तळे. ज्यांना तांत्रिक शिक्षण हवे, त्यांच्यासाठी अनेक गावांनी मिळून चालवलेली मिनटमन ही व्यवसाय शिक्षणाची शाळा लेक्झिंग्टनला आहे. कॉन्कर्ड तिचाही भागीदार आहे.

कारभार शाळा समितीकडे. कॉन्कर्डचे पाच सदस्य, गावच्या निवडणुकीत पक्षाच्या चिन्हाविना, तीन वर्षांसाठी निवडून आलेले. काम विनामोबदला. हायस्कूलच्या सामायिक समितीत हे पाच आणि कार्लाइलचे दोन असे सातजण बसतात. दोन्ही यंत्रणांना अधीक्षक मात्र एकच. पूर्वी समिती शिक्षकांच्या नेमणुकाही करी. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तिची कामे तीनवर आणली : अधीक्षक नेमणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि धोरण ठरवणे. शिक्षक निवडण्याचे काम मुख्याध्यापकाकडे, अधीक्षकाच्या संमतीने. थोरोच्या वर्गात शिरलेल्या सदस्यासारखे शिक्षकाला बजावण्याचा अधिकार आज समितीच्या सदस्याला नाही. सभा खुल्या असतात आणि विषयपत्रिका आधी जाहीर करावी लागते. मी अशा सभेला मागच्या रांगेत बसलो. विषय अगदी साधे, बसचे वेळापत्रक, वर्गातली पटसंख्या, वाढता खर्च. नागरिकांना बोलायला ठरावीक वेळ होता. कोणी आवाज चढवला नाही आणि कोणी विषय सोडलाही नाही.

खरी कसोटी लागते ती टाउन मीटिंगमध्ये. आपल्या ग्रामसभेची हीच कल्पना, पण अधिकार बरेच मोठे. गावातला कोणताही नोंदणीकृत मतदार इथे येऊन बसू शकतो, बोलू शकतो आणि मत देऊ शकतो. निवडून आलेला सभापती सभा चालवतो. वित्त समिती आपली शिफारस आधीच छापून देते. मग शाळेच्या अंदाजपत्रकावर प्रत्यक्ष मतदान होते. ज्या वाढीव रकमेला सभा हो म्हणते, ती पुढे प्रत्येकाच्या घरपट्टीत दिसते, कारण शाळांचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून चालतो. १९८० मध्ये राज्यातल्या मतदारांनी एक मर्यादा घातली. गावाच्या एकूण करवसुलीत वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही. नव्या बांधकामांतून येणारा कर तेवढा वेगळा. त्यापुढे जायचे, किंवा शाळेच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज या मर्यादेबाहेर ठेवायचे, तर गावाने मतपेटीतून वेगळी मंजुरी द्यावी लागते. नव्या मिडल स्कूलसाठी कॉन्कर्डने ती दिली. ज्यांची मुले केव्हाच मोठी झाली अशा वृद्धांनीही त्यासाठी कर भरायचा आहे.

या व्यवस्थेची दुखरी बाजू लपवण्यासारखी नाही. शाळेचा पैसा घरांच्या किमतीवर अवलंबून असला, की श्रीमंत गावाला चांगली शाळा आणि गरीब गावाला ओढाताणीची. कॉन्कर्ड श्रीमंत आहे, इथले घर सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. शेजारच्या ॲक्टनसारख्या गावांत अनेक भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. घर घेताना त्यांचा पहिला प्रश्न शाळा कशी आहे, हाच असतो. म्हणजे चांगल्या शाळेची फी घराच्या किमतीतूनच भरली जाते. १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडफी खटल्यात निकाल दिला, की गरीब गावातल्या मुलालाही पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. त्यानंतर राज्य गावाची ऐपत आणि गरज पाहून अनुदान देऊ लागले. १९६६ पासून चालणाऱ्या मेटको योजनेखाली बॉस्टन शहरातली मुले पहाटेच्या बसने उपनगरांतल्या शाळांत येतात, कॉन्कर्डमध्येही येतात. हा दिलासा खरा, पण थोड्यांपुरता. दूर जाणाऱ्या मुलाची झोप आणि वेळ त्यात खर्ची पडतो. गावाची आपुलकी गावाच्या वेशीपाशी थांबते आणि तिथून पुढे राज्यालाच हात द्यावा लागतो, हा धडा कॉन्कर्ड पाहूनच मला पटला.

तरीही कॉन्कर्डबद्दल माझे मत स्वच्छ आहे. इथल्या शाळा चांगल्या आहेत त्याला पैसा हे एक कारण. दुसरे आणि अधिक टिकाऊ कारण म्हणजे हिशेब लोकांसमोर मांडला जातो, लोक तो वाचतात, सभेला येतात आणि मग स्वतःच्या खिशातून पैसे देतात. पहिली गोष्ट आपल्या गावांना लगेच आणता येणार नाही. दुसरीसाठी कायदा आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा बनवणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. अनेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तुमचे मूल शाळेत असो वा नसो, आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत समितीची पुढची बैठक केव्हा आहे, ते विचारा. मागच्या बैठकीचे इतिवृत्त आणि खर्चाचा तपशील पाहायला मागा. पुढच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यायला लावा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.